खदानवाला गेला, खड्डा माझ्या सातबाऱ्यावर!

प्रश्न : हवेली तालुक्यातली आमची जमीन मी संमतिपत्र देऊन एका क्रशरवाल्याला दगड काढायला दिली. 2016 साली पाच वर्षांचा खाणपट्टा त्याच्या नावावर झाला. मुदत संपल्यावर तो यंत्रं उचलून गेला, त्याला चार वर्षं होऊन गेली. मागे साठ फूट खोल, पाण्याने भरलेला खड्डा. शेजारून शाळेची वाट जाते. आता जादा उत्खननाच्या दंडाची नोटीस तहसीलमधून मलाच आली आहे. काय करू?

उत्तर : आधी नोटिशीची तारीख बघा, खुलासा मुदतीत गेला पाहिजे. जमीन महसूल संहितेच्या कलम 48(7) नुसार दंड बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत जाऊ शकतो, पण तो विनापरवाना खनिज काढणाऱ्यावर. केवळ जमीन तुमच्या नावावर आहे म्हणून तो तुमच्यावर बसत नाही. प्रत्यक्षात पट्टेदार सापडत नाही, सातबारा हाताशी असतो, म्हणून बोजा मालकावर चढवला जातो. खुलाशासोबत पट्ट्याचा आदेश, करारनामा आणि संमतिपत्र जोडा. पट्टेदाराला नोटीस काढून दोघांसमक्ष ईटीएस (इलेक्ट्रॉनिक यंत्राने होणारी) मोजणी करावी, अशी लेखी मागणी करा. आदेश विरोधात गेलाच तर साठ दिवसांत प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. परवान्याबाहेर काढलेल्या दगडाचे पैसे तुम्ही घेतले असतील, तर मात्र हे वकिलाला आधीच सांगा.

कुंपणाचं काय? इथे मी तुमच्या बाजूने बोलणार नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 152 रस्त्यालगतच्या धोकादायक खड्ड्याला कुंपण घालण्याचा आदेश मालकाला किंवा ताबेदाराला देऊ देतं, आणि आज ताबा तुमचा आहे. आदेशाची वाट बघू नका. तारेचं कुंपण आणि फलक आत्ताच लावा, बिलं जपा, ग्रामपंचायतीला पत्र देऊन पोच घ्या. एखादं पोर बुडालं तर करारनामा पुढे करून सुटका होणार नाही.

आता खाण बंद करण्याची जबाबदारी. लोहखनिज किंवा मँगनीजची खाण असती तर 2017 च्या खनिज संवर्धन व विकास नियमांनुसार अंतिम बंद-आराखडा दोन वर्षं आधी द्यावा लागला असता, शिवाय हेक्टरी आर्थिक हमी सरकारकडे अडकलेली असती. दगड पडला गौण खनिज. त्याचे नियम राज्याचे, आणि ही केंद्राची हमी त्याला लागू नाही. गावोगावच्या बेवारस खदानींचं मूळ बरंचसं इथे आहे.

तरी तुमचा पट्टेदार मोकळा नाही. दीपक कुमार प्रकरणातल्या 2012 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पाच हेक्टरखालच्या पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरली. म्हणजे 2016 च्या पट्ट्यामागे मंजुरी आणि खाणकाम आराखडा असायला हवा, आणि खड्ड्याचं शेवटी काय करायचं याच्या अटी तिथेच सापडतील. जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांकडे माहिती अधिकारात दोन्ही कागद मागा. कागद नसले, तर तोही तुमच्याच फायद्याचा मुद्दा.

कराराच्या आधारे भरपाईच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. ती गेली असंच धरून चाला. राष्ट्रीय हरित लवादाकडे, म्हणजे पुण्यातल्याच खंडपीठाकडे, जमीन पूर्ववत करून घेण्यासाठी आणि भरपाईसाठी पाच वर्षांत अर्ज करता येतो. दाव्याचं कारण कधी घडलं यावर समोरचा वाद घालेल, तेव्हा दिवस काढू नका.

आणि फुकट भराव टाकून देतो म्हणणारे डंपरवाले येतील. मोजणी आणि पंचनामा होईपर्यंत त्यांना खड्ड्याजवळ फिरकू देऊ नका. राडारोड्याने विहिरींचं पाणी बिघडलं तर पुढची नोटीस खरोखर तुमचीच असेल.