‘फिश डिकॉय’ला आमिष म्हणावे का?

अमेरिकेतील गोठलेल्या सरोवरांवर भाल्याने मासे मारताना बर्फाखालच्या पाण्यात जो कोरीव लाकडी मासा सोडतात, त्या ‘फिश डिकॉय’साठी मराठीत ‘आमिष’ हा शब्द चालेल का, असे अनुवाद करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे. माझ्या मते चालणार नाही, आणि त्याचे कारण त्या वस्तूच्या घडणीतच आहे.

‘आमिष’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ मांस असा असून, मराठीत तो गळाला लावलेल्या घासासाठी रूढ झाला आहे. कोकणात गरवायला बसलेला माणूस गरीला कोळंबी लावतो, मासा ती तोंडात धरतो आणि अडकतो. या व्यवहारात खाणे आहे. मिनेसोटा, मिशिगन किंवा विस्कॉन्सिनमधल्या लाकडी माशाला मात्र गळच नसतो. सीडारसारख्या हलक्या लाकडाचा मासा कोरून, त्याला पत्र्याचे पर बसवून, पोटात खोबण करून तीत शिसे ओततात, म्हणजे तो बुडतो आणि सरळ राहतो. पाठीला बांधलेली दोरी वरून हलकेच ओढली की शेपटीच्या बाकामुळे तो गोल फिरत पोहू लागतो. शिकारी खिडकी नसलेल्या काळोख्या खोपटात बर्फातल्या चौकोनी भोकाशी बसलेला असतो; आत अंधार असल्यामुळे खालचे पाणी त्याला उजळलेले दिसते. पाईक हा शिकारी मासा जवळ आला की तो अनेक दातांचा भाला खाली सोडतो. लाकडी माशाचे काम त्याआधीच संपलेले असते.

ही कला प्रांताप्रांतात बदलते. ओजिब्वे या तिथल्या मूळनिवासी लोकांमध्ये ती फार जुनी आहे आणि विस्कॉन्सिनमधील लॅक डू फ्लॅम्बो हे त्यांचे गाव या कोरीवकामासाठी प्रसिद्ध आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या शटॉक्वा सरोवरावरच्या जुन्या नमुन्यांना चामड्याची शेपटी असे. मिशिगनमधील कॅडिलॅकचा ऑस्कर पीटरसन (१८८७–१९५१) याचे रंगवलेले मासे आज संग्राहक शोधत असतात. माझा मुद्दा सर्वांत स्पष्ट होतो तो विस्कॉन्सिनच्या विनेबेगो सरोवरावर. तिथे फेब्रुवारीत स्टर्जन या अजस्र माशाची शिकार होते. त्याला दात नसतात आणि तो तळातल्या गाळातले किडे शोषून खातो. म्हणजे समोर फिरणारा लाकडी मासा हे त्याचे भक्ष्य नव्हेच. निव्वळ कुतूहलाने तो पाहायला येतो, असे तिथले शिकारी मानतात. त्याला ‘आमिष’ कसे म्हणणार?

मग दुसरा शब्द कोणता? ‘बुजगावणे’ हेही जिवंत प्राण्याचे सोंगच, पण त्याचे काम हाकलण्याचे. ‘मायामृगा’वरून ‘मायामत्स्य’ करता येईल. परंतु मारीच राक्षसाची आठवण करून देणारा शब्द बर्फावरच्या खोपटात शोभणार नाही. ‘भूलमासा’ अर्थाने अचूक आहे, पण आता ‘भूल’ म्हटले की डोळ्यांपुढे शस्त्रक्रियेचे टेबल येते. ‘चकवा’चा मोह मलाही झाला, मात्र चकवा लागलेला माणूस स्वतः गोल फिरत वाट चुकतो, आणि इथे फिरतो तो फसवणारा, तर फसणारा सरळ त्याच्याकडे येतो.

म्हणून मी ‘फसवा मासा’ सुचवतो. ‘फसवी शांतता’, ‘फसवे रूप’ हे प्रयोग सर्वांच्या तोंडी असल्यामुळे अर्थ सांगत बसावे लागत नाही. पहिल्या उल्लेखात ‘पाण्यात सोडायचा लाकडी फसवा मासा’ असे लिहावे, म्हणजे कोणी त्याला माशाची एखादी जात समजणार नाही. पुढे ‘फसव्या माशाची दोरी’, ‘फसवे मासे कोरणारा’ अशी रूपे विनासायास चालतात.