‘फुकट’ खोली पाहून शहर ठरवू नका

प्रश्न: माझं वय ४२. घरी पत्नी आणि दोन मुलं. हातात येणारा पगार १ लाख १० हजार, गृहकर्ज ३२ लाख बाकी. मे महिन्यात श्रीलंकेला जायचं आहे. गॉल की त्रिंकोमाली? गॉलजवळच्या रिसॉर्टमध्ये आमच्या हॉलिडे क्लबमुळे खोली फुकट आहे, फक्त १२ हजार अदलाबदल शुल्क (क्लबच्या रात्री दुसऱ्या रिसॉर्टमध्ये वापरण्याचं). क्लबचं सदस्यत्व दहा महिन्यांपूर्वी घेतलं. किंमत ४ लाख ८० हजार. ८० हजार रोख भरले, बाकीचे ११,१०० चे ४८ हप्ते. देखभाल शुल्क वर्षाला १८ हजार. २५ वर्षं, दर वर्षी ७ रात्री. पाच वर्षांनी दुप्पट किमतीला विकता येईल असं सांगितलं आहे. हप्त्यांमुळे ओढाताण झाली, म्हणून एक कोटीच्या टर्म विम्याचे जानेवारीतले १९ हजार भरले नाहीत, सहलीनंतर भरेन. बीपीची गोळी नुकतीच सुरू झाली आहे. सहलीसाठी २ लाख २० हजार वेगळे ठेवले आहेत.

उत्तर: सहलीचं नंतर बघू. विम्याच्या वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, ती उलटून गेली. म्हणजे आज तुमचा विमा बंद आहे. तुम्हाला काही झालं तर घरच्यांच्या हाती ३२ लाखांचं कर्ज राहील आणि विम्याचा एक रुपयाही मिळणार नाही. क्लबच्या दोन हप्त्यांहूनही कमी रकमेसाठी हे झालं आहे!

याच आठवड्यात विमा कंपनीकडे पुनरुज्जीवनाचा, म्हणजे बंद पडलेला विमा पुन्हा सुरू करण्याचा, अर्ज करा. पहिला हप्ता चुकल्यापासून पाच वर्षांपर्यंत अर्ज करता येतो, पण म्हणून थांबू नका. थकलेला हप्ता, त्यावरचं व्याज आणि आरोग्याचं घोषणापत्र द्यावं लागेल. कदाचित वैद्यकीय तपासणीही होईल. घोषणापत्रात बीपीची गोळी लिहाच. पुनरुज्जीवनानंतर तीन वर्षांपर्यंत चुकीच्या माहितीवरून दावा नाकारण्याचा मार्ग कंपनीला मोकळा असतो. हप्ता थोडा वाढवून मागितला तरी द्या. आणि एक लक्षात ठेवा, पैसे भरले म्हणजे संरक्षण सुरू झालं असं नाही; कंपनीचं मंजुरीपत्र हातात आलं पाहिजे. सहलीच्या पैशातून वीस हजार यासाठी काढा. मंजुरी येईपर्यंत विमानाची तिकिटं काढू नका.

आता ती फुकट खोली. रोख आणि हप्ते मिळून तुम्ही ६ लाख १३ हजार भरणार. २५ वर्षांत वाटले तर वर्षाला साडेचोवीस हजार, त्यात देखभालीचे १८ हजार मिळवा. सात रात्रींचे साडेबेचाळीस हजार, म्हणजे रात्रीला सहा हजार. तेही सातही रात्री दर वर्षी वापरल्या आणि देखभाल शुल्क एकदाही वाढलं नाही तरच. तेच सहा लाख सात टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला सुमारे ४३ हजार व्याज आलं असतं आणि मुद्दल तुमचंच राहिलं असतं.

दुप्पट किमतीला विकण्याची आशा सोडा. जी वस्तू घेणाऱ्याला दर वर्षी शुल्क भरावं लागतं, ती जुनी झाल्यावर दुप्पट देऊन कोण घेईल? हे आश्वासन करारात लिहिलेलं आहे का, ते तपासा. असं तोंडी सांगून सदस्यत्व विकणं ही सरळ फसवणूक आहे.

आतापर्यंत रोख आणि हप्त्यांत गेलेले सुमारे १ लाख ९० हजार हिशेबात धरू नका. पुढचं बघा: मुद्दल अजून साधारण ३ लाख ३५ हजार बाकी आहे (मी व्याज १५ टक्के धरलं आहे) आणि शिवाय चोवीस वर्षांचं देखभाल शुल्क. बाहेर पडायला एक लाख सोडावे लागले तरी ते स्वस्त. पण हप्ते एकदम थांबवू नका. कर्ज वेगळ्या वित्तसंस्थेचं असेल तर सिबिल स्कोअर तुमचा बिघडेल, क्लबचं काही जाणार नाही. आधी करारातलं रद्द करण्याचं कलम वाचा, ईमेलने लेखी मागणी करा, परताव्याचा हिशेब लेखी मागा. टाळाटाळ झाली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा आणि मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. तिथे दोन वर्षांची मुदत असते. त्यातले दहा महिने बहुधा गेलेच आहेत.

राहिला शहराचा प्रश्न. मे महिन्यात त्रिंकोमाली. गॉल नैऋत्य किनाऱ्यावर आहे. डिसेंबर ते एप्रिल हे तिथले चांगले महिने. मेमध्ये पाऊस आणि लाटा सुरू होतात, मुलांना समुद्रात उतरवता येत नाही. त्रिंकोमालीचा पूर्व किनारा तेव्हा शांत असतो. निलावेलीचं उथळ पाणी, पिजन बेट, कोनेश्वरम मंदिर, सगळं आरामात होतं. अडचण अंतराची: कोलंबोहून गॉलला एक्स्प्रेसवेने दोनेक तास, त्रिंकोमालीला पाच-सहा. म्हणून विमानतळावरून थेट वाटेतलं दम्बुल्ला गाठा, जवळचा सिगिरियाचा खडकावरचा किल्ला पाहा आणि दुसऱ्या दिवशी पुढे जा. गाडी-ड्रायव्हरचा खर्च गॉलपेक्षा जास्त येईल, पण अदलाबदलीचे १२ हजार वाचतील, ते त्यात घाला. सगळं मिळून २ लाखांच्या आत बसवा. बसत नसेल तर रात्री कमी करा, क्रेडिट कार्डावर उरलेली रक्कम ढकलू नका.