नर्सरीतून आणलेल्या गुलाबाला पहिल्या बहरानंतर फुलंच येत नाहीत, कोणतं खत घालू?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: जानेवारीत चार-पाच फुलांसकट आणलेला लाल गुलाब, पुण्यात पूर्वेकडची बाल्कनी, आठ इंची कुंडी. पहिला बहर गेल्यावर एक-दोन किरकोळ फुलं आली, मग बंद. पावसाळ्यात बुडातून एक हिरवीगार फांदी सुटली, चार फूट उंच झाली, पण तिला कळी नाही. जुन्या फांद्या मात्र शेंड्याकडून काळ्या पडत खाली येताहेत. केळीची सालं, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं सगळं घालून झालं. आता सप्टेंबर संपत आलाय आणि पुढचं खत कोणतं, हा प्रश्न.

कोणतंच नको, निदान महिनाभर तरी. या रोपाची अडचण भुकेची नाही. तुमच्या वर्णनावरून जी फांदी सगळ्यात जोमात आहे, ती बहुधा तुमच्या गुलाबाची नाहीच.

मोठ्या फुलांचा नर्सरीतला गुलाब म्हणजे जवळजवळ नेहमीच दोन झाडं असतात. खाली जंगली गुलाबाचा खुंट, त्याची मुळं काटक. त्यावर हव्या त्या जातीचा एकच डोळा (फांदी जिथून फुटते तो कोंब) भरलेला, म्हणजे सालीत बसवून कलम केलेला असतो, आणि वरची सगळी फुलं त्या एका डोळ्यातून आलेल्या फांद्यांवर. खुंटाला वर वाढणाऱ्या पाहुण्याची फिकीर नसते. संधी मिळाली की तो स्वतःचा फुटवा काढतो आणि मुळांनी ओढलेलं सगळं त्याच्याकडे वळवतो. वरची जात उपाशी पडते, वाळते. बाहेरून बघणाऱ्याला मात्र वाटतं, वा, काय छान फांदी आली!

म्हणून पहिलं काम म्हणजे सांधा शोधणं. बुडाजवळची माती बोटांनी दीड-दोन इंच बाजूला करा. खोडावर एके ठिकाणी अंगठ्याच्या पेराएवढी फुगीर गाठ दिसेल, तिथून खोड जरासं वाकून वर गेलेलं असेल. तोच डोळा भरल्याची जागा. कधीकधी तिथे प्लॅस्टिकची पारदर्शक पट्टी अजून गुंडाळलेली सापडते. नर्सरीवाल्यांची ती काढायची राहून जाते आणि खोड जाड होत गेलं की ती गळफासासारखी रुतते. दिसली तर ब्लेडने पाठीमागच्या बाजूने उभी चिरून सोडवा.

आता ती चार फुटी फांदी कुठून निघालीय ते पाहा. गाठीच्या वरून निघाली असेल तर ती तुमचीच, तिला हात लावू नका. गाठीच्या खालून किंवा थेट मातीतून आली असेल तर खुंटाची. ‘सात पानांची ती जंगली, पाच पानांची ती आपली’ ही खूण (एका देठावरची छोटी पानं मोजून) सगळीकडे सांगतात, तिच्यावर विसंबू नका. चांगल्या जातींच्या जोमदार फांद्यांवरही सात पानं येतात. पानांचा फिकट हिरवा रंग, बारीक पाती, वेगळे किंवा अगदीच विरळ काटे यावरून संशय घ्यावा, पण निकाल फांदीच्या उगमावरच लावावा.

खुंटाचा फुटवा कात्रीने कापायचा नाही. कापला की बुंध्याशी राहिलेल्या डोळ्यांतून महिन्याभरात एकाचे तीन होतात. माती आणखी उकरून तो जिथे मुळाला किंवा खोडाला चिकटलाय तिथवर जा, हातमोजा घालून पकडा आणि खाली-बाहेर झटका देऊन उपसून काढा. बुडाशी टाचेसारखा तुकडा निघून आला तर काम नीट झालं. त्या जखमेवर बुरशीनाशकाची पेस्ट लावा आणि माती परत ढकला, पण गाठ झाकू नका. थंड देशांत हिमापासून जपायला ती मातीत पुरतात. आपल्याकडे कुंडीत ती मातीच्या इंचभर वर असलेली बरी, म्हणजे पुढचा फुटवा लगेच दिसतो आणि गाठीपाशी ओल साचत नाही.

आता काळ्या फांद्या. हा शेंडेमर, म्हणजे डायबॅक. बुरशी कापलेल्या किंवा मोडलेल्या टोकातून शिरते आणि फांदीतून खाली उतरत जाते. वाळलेलं फूल तोडताना लांब ठुठं ठेवली, की तिला आयतं दार मिळतं. फांदी कुठवर जिवंत आहे ते नखाने कळतं: साल हलकी खरवडा, खाली हिरवं ओलसर दिसलं तर जिवंत, तपकिरी कोरडं दिसलं तर मेलेली. कापताना काळ्या भागाच्या कडेला थांबू नका. छेदाचा मधला गर पाहा. तो पांढरा किंवा मलईच्या रंगाचा लागेपर्यंत इंच-इंच खाली या. गरात तपकिरी ठिपका दिसतोय तोवर बुरशी आतच आहे. प्रत्येक कापानंतर सिकेटरचं (छाटणीच्या कात्रीचं) पातं स्पिरिटने पुसायचं. हे कंटाळवाणं आहे, तरी करा. नाहीतर आपणच रोग या फांदीवरून त्या फांदीवर नेतो.

पेस्टसाठी सोपं म्हणजे कॉपर ऑक्सिक्लोराइडची पूड थोड्या पाण्यात दाट कालवून ब्रशने लावणं. बोर्डो पेस्ट घरी करायची असेल तर 10 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि 10 ग्रॅम कळीचा चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत 50-50 मिली पाण्यात कालवा, मग दोन्ही एकत्र करा आणि त्याच दिवशी वापरा. लोखंडी भांडं नको. तयार पेस्टमध्ये लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून पाहा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी थोडा घाला.

फुटवा आणि मेलेल्या फांद्या आजच काढा. खरी छाटणी आणि कुंडी बदलणं मात्र पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरच्या मध्याला. महाराष्ट्रात गुलाबाची मुख्य छाटणी तेव्हाच करतात, कारण छाटणीपासून फुलापर्यंत साधारण सहा-सात आठवडे जातात आणि फुलं थेट डिसेंबरच्या थंडीत उमलतात. त्या दिवसांत फूल मोठं होतं, रंग गडद चढतो आणि झाडावर जास्त टिकतं. मेमध्ये त्याच झाडाचं फूल दोन दिवसांत विस्कटतं.

तुमचं रोप अशक्त आहे, तेव्हा सरसकट अर्धं छाटू नका. आधी मेलेल्या, काडीसारख्या बारीक आणि आतल्या बाजूला वळून एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढा. पेन्सिलीएवढ्या जाड तीन-चार फांद्या उरल्या तरी पुरे. त्यांचा वरचा एक तृतीयांश भाग कापायचा. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरका, उतार डोळ्याच्या उलट दिशेला. फार जवळ कापलं तर डोळा वाळतो, फार वर कापलं तर ठुठं मरतं आणि शेंडेमर पुन्हा सुरू. जमिनीतल्या गुलाबांना छाटणीआधी आठवडाभर पाण्याचा ताण देऊन मुळं उघडी करायची जुनी पद्धत आहे. काळ्या, खोल जमिनीत ठीक आहे. कुंडीत करू नका, एवढ्याशा मातीत ताण कधी दिला आणि रोप कधी मेलं ते कळणार नाही.

कुंडी बारा इंची घ्या. आठ इंचीपेक्षा तिच्यात तिपटीहून जास्त माती मावते, आणि गुलाबाला ती लागतेच. रोप काढलंत की बहुधा आत लाल चिकट मातीचा घट्ट गोळा निघेल. बऱ्याच नर्सऱ्यांत रोपं अशाच मातीत बांधून येतात, कारण ती वाहतुकीत फुटत नाही. कुंडीत मात्र ती वैरीण आहे: वाळली की विटेसारखी कडक होते आणि पाणी गोळ्याच्या कडेने निघून जातं, भिजली की आत दिवसेंदिवस चिखल राहतो. तुम्ही रोज पाणी घालूनही मुळं एकतर तहानलेली किंवा गुदमरलेली. तो गोळा अर्धा तास बादलीत बुडवा, मग हलक्या हाताने बाहेरची इंचभर माती पाण्यातच सोडवा. पूर्ण गोळा फोडून मुळं उघडी करायचा हट्ट नको. काळी, मऊ, वास येणारी मुळं कापा, पांढरी-तपकिरी टणक ठेवा.

मातीचं मिश्रण: दोन भाग लाल किंवा पोयट्याची माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू किंवा भाताचं तूस. त्यात दोन मुठी निंबोळी पेंड आणि एक मूठ हाडांचा चुरा. शेणखत हातात घेऊन हुंगा. मातीचा वास आला पाहिजे. शेणाचा वास येत असेल तर ते कच्चं आहे, मुळं भाजेल आणि हुमणीही (मुळं खाणारी अळी) सोबत आणेल. निव्वळ कोकोपीटमध्ये गुलाब लावायचा सल्ला मिळेल. पुण्याच्या पावसाळ्यात ते ओलं बोळं होऊन बसतं. वरची दोन इंच जागा पाण्यासाठी मोकळी सोडा आणि लावल्यावर चार-पाच दिवस कुंडी सावलीत ठेवा.

त्यानंतर ऊन. गुलाबाला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं, निदान चार. पूर्वेच्या बाल्कनीत अकरापर्यंत मिळालं तर भागतं, पण कुंडी कठड्याच्या मागे जमिनीवर असेल तर त्यातलं निम्मं कठडाच खातो. स्टुलावर उचलून ठेवा. पुढे कोवळ्या फांद्या निघून कळीविना नुसत्याच थांबल्या, ज्यांना आंधळ्या फांद्या म्हणतात, तर मुख्य संशय कमी उन्हावरच घ्या. अशी फांदी वरच्या पाच पानांच्या पाल्यापर्यंत कापली की बहुतेक वेळा खालचा डोळा फुटतो.

पाणी सकाळी, बुडाशी, तळातून वाहेपर्यंत. नंतर वरची इंचभर माती बोटाला कोरडी लागेस्तोवर पुन्हा नाही. पानांवर रोज फवारा मारायची सवय असेल तर सोडा. काळ्या ठिपक्यांच्या रोगाला पान काही तास सलग ओलं मिळालं की पुरतं, मग ठिपक्याभोवती पान पिवळं पडून गळतं. गळलेली पानं कुंडीतून रोज उचला, आणि पावसाळी हवेत दर दहा-बारा दिवसांनी कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम फवारा. थंडीत कोवळ्या पानांवर पिठासारखी भुरी दिसली तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम, पण भर उन्हात आणि उन्हाळ्यात कधीच नाही, पानं करपतात. मार्चपासून कळ्यांच्या कडा तपकिरी होऊन त्या अर्धवटच उमलल्या तर फुलकिडे (थ्रिप्स): कळी पांढऱ्या कागदावर झटका, बारीक सळसळणाऱ्या रेघा दिसतील. पान वरून फिकट ठिपक्याठिपक्यांचं आणि खाली जाळं, तर लाल कोळी; याला पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा तीन-चार दिवस सलग मारणं हा पहिला उपाय, औषध नंतर. फुलकिड्यांना आणि माव्याला संध्याकाळी निंबोळी तेल लिटरला 5 मिली, त्यात थोडा साबण. नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर तो रोग नव्हे, लोह मिळत नाहीये. बोअरच्या जड पाण्याने हे बऱ्याचदा होतं. चिलेटेड लोह (मुळांना सहज घेता येईल अशा रूपातलं) द्या आणि जमेल तेव्हा नळाचं पाणी वापरा.

खत आता. नव्या फुटी दोन इंच झाल्यावरच. 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं विद्राव्य खत) लिटरला 2 ग्रॅम, दर पंधरा दिवसांनी, ओल्या मातीत. कळ्या हरभऱ्याएवढ्या झाल्या की त्याऐवजी 0:0:50 (यात फक्त पालाश, म्हणजे पोटॅश), तेवढंच. सेंद्रियच हवं असेल तर 100 ग्रॅम शेंगदाणा पेंड लिटरभर पाण्यात तीन-चार दिवस भिजवून, दहापट पातळ करून. शेजाऱ्यांना आधी कल्पना द्या, वास दरवळतो. केळीच्या सालीतलं पोटॅश कुजल्याशिवाय मुळांना मिळत नाही, तोवर चिलटांची सोय होते. दूध-साखरेच्या चहाचा चोथा मुंग्या आणि बुरशी आणतो. टरफलं निरुपद्रवी, पण विरघळायला वर्षं घेतात. सगळं कंपोस्टच्या डब्यात टाका, कुंडीत नको.

फूल कोमेजलं की नुसतं देठ खुडू नका. बाहेर तोंड केलेल्या पहिल्या पाच पानांच्या पाल्याच्या जरा वर कापा. नवी फांदी तिथूनच येते.

एक शक्यता उरते: गाठीच्या वर नखाखाली कुठेच हिरवं लागलं नाही, म्हणजे वरची जात संपली. मग उरलेला खुंट कितीही जपलात तरी लाल फूल येणार नाही, आलीच तर बारीक, फिकट फुलं येतील. नवं रोप आणा, नोव्हेंबरात. फुलं मोजून नका घेऊ. गाठ उघडी दिसतेय का, तिच्या वरून निदान दोन-तीन पेन्सिलजाड फांद्या निघाल्यात का आणि बुडाशी गाठीखाली काही फुटलंय का, एवढं बघा. चार तास उन्हाच्या बाल्कनीत मोठ्या एकांड्या फुलाच्या जातीपेक्षा आइसबर्गसारखी घोसाने फुलणारी जात जास्त साथ देते. आणि गुलकंदासाठी हवा असेल तर गावठी गुलाबच घ्या. नर्सरीत फवारलेल्या रोपाच्या पहिल्या बहराच्या पाकळ्या खाऊ नका.