तिसरा हिस्सा बाजूला काढ, मग गाडी बघ

प्रिय पोरा,

तुझा लांबलचक मेसेज मिळाला. फोटो ढीगभर आहेत पण आरसीचा एक नाही, सर्व्हिस हिस्ट्रीचा एक नाही, हे आधी सांगतो. २०१७ ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, पांढरी, पुणे पासिंग, मीटरवर ७८ हजार, तिसरा मालक, पावणेसहा लाख. आणि तुझ्याकडे आहेत सहा. बाबा म्हणतात नवी साधी गाडी घे हप्त्यावर, मित्र म्हणतात लग्नाआधी नाही घेतली तर कधी घेणार, आणि तू रात्री दोन वाजता मला विचारतोयस की काका काय करू.

गाडीची आवड असणं किती भारी वगैरे मी लिहीत बसणार नाही. ते तुलाही माहितीये आणि मलाही. नाशिकहून निघून घोटीच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला आणि टर्बो भरला की पाठ सीटला कशी टेकते, त्यासाठी माणूस पैसे मोजतो, त्यात गैर काही नाही. पण तू जो हिशोब मांडलायस ना तो हिशोबच नाहीये रे, ती नुसती गाडीची किंमत आहे.

मी तुला एकच गोष्ट सांगणार आहे आणि कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे. गाडीसाठी जेवढे पैसे जमवलेत त्यातला तिसरा हिस्सा बाजूला काढायचा आणि गाडी घेताना त्याला हात लावायचा नाही. तुझ्याकडे सहा आहेत म्हणजे तुझं बजेट चार आहे. पावणेसहा नाही, पाच पण नाही. चार.

का, ते नीट समजून घे. ही गाडी नवी होती तेव्हा रस्त्यावर येईपर्यंत दहा लाखांच्या आसपास जायची. आज ती निम्म्यावर आलीये. पण तिचे पार्ट निम्म्यावर आलेले नाहीत, उलट दरवर्षी वाढलेत. इंजेक्टर, टर्बो, गिअरबॉक्सचं युनिट, हे सगळं अजून दहा लाखांच्या गाडीच्याच भावात मिळतं. तुम्ही पोरं सेकंड हँडचा भाव बघून खूश होता आणि पुढची पाच वर्षं दहा लाखांची गाडी सांभाळायची असते हे विसरता. साध्या वॅगनआरला हे लागू होत नाही कारण तिथे पार्ट पण स्वस्त आणि कोपऱ्यावरचा फिटर पण चालतो. स्पोर्टी गाडीला दोन्ही चालत नाही.

आता तुझ्या पोलोचंच घे. तिच्या १.२ टीएसआयला, म्हणजे टर्बो पेट्रोल इंजिनाला, जो सात गिअरचा डीएसजी नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे त्यात दोन क्लच आहेत आणि दोन्ही कोरडे, म्हणजे ऑइलमधे बुडलेले नाहीत. हायवेला तो गिअरबॉक्स लोण्यासारखा चालतो. पण आपल्या द्वारका चौकात संध्याकाळी सहा वाजता अडकलास, गाडी दोन फूट पुढे, थांबली, परत दोन फूट, की ते क्लच अर्धवट घासत राहतात आणि तापतात. शिवाय गिअर बदलणारं जे मेकाट्रॉनिक युनिट आहे ते गेलं तर खर्च दीड-दोन लाखांच्या घरात जाऊ शकतो. मी घाबरवत नाहीये. २०१३ मधे चीनमधे डीएसजीच्या याच तक्रारींवरून कंपनीने पावणेचार लाखांवर गाड्या परत बोलावल्या होत्या, जगजाहीर गोष्ट आहे. म्हणजे प्रत्येक गाडीचा गिअरबॉक्स जाईलच असं नाही, खूप जणांचे अजून ठणठणीत आहेत. पण गेला तर तुझ्याकडे त्या दिवशी पंचवीस हजार शिल्लक असणार आहेत. सहा वजा पावणेसहा, बघ करून.

चालवून बघशील तेव्हा एक गोष्ट कर. म्युझिक बंद, एसी बंद, काचा वर. सपाट रस्त्यावर ब्रेक सोड आणि अॅक्सिलरेटरला पाय लावू नकोस, गाडी आपोआप सरकू दे. सरकताना थरथरली, पहिल्यातून दुसऱ्यात जाताना धक्का दिला, किंवा रिव्हर्स टाकल्यावर क्षणभर काहीच झालं नाही आणि मग एकदम हिसका बसला, तर खाली उतर आणि चावी परत दे. "सगळ्या डीएसजी अशाच असतात" असं विकणारा हमखास म्हणेल. नसतात.

पोलोच हवी असेल तर २०२० नंतरची १.० टीएसआय बघ, तिच्यात सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आहे, म्हणजे असे कोरडे क्लच नसलेला ऑटोमॅटिक, किंवा मॅन्युअल घे. पोलो २०२२ मधे बंद झाली पण त्याच घराण्यातलं इंजिन फोक्सवॅगनच्याच टायगुन आणि व्हर्टसला आजही येतं, त्यामुळे इंजिनाच्या कामाला एवढी वणवण नाही. ती चारमधे बसणार नाही, मला माहितीये. मग थांब. वर्षभर अजून साठव. थांबायचं म्हटलं की तुमची तोंडं उतरतात, पण अंबडला शिफ्टमधे काम करून तू हे सहा जमवलेस ना, अजून तीन जमतील.

दुसरा पर्याय तू फियाटची अबार्थ पुंटो लिहिलायस. १४५ बीएचपी, २१२ न्यूटन मीटर, एवढ्या पैशात एवढी ताकद दुसरीकडे मिळणार नाही हे शंभर टक्के मान्य. पण फियाटने इथला गाड्यांचा धंदा गुंडाळून आता काही वर्षं झालीत. रांजणगावचा कारखाना चालू आहे, तिथे जीप बनतात. साध्या पुंटोशी जुळणारे पार्ट मिळतील, पण अबार्थचा खास बंपर, खास काही फुटलं तर तू ग्रुपवर "कोणाकडे आहे का" टाकत बसशील आणि गाडी उभी राहील. टाटाच्या टियागो जेटीपीचं पण तेच, २०१८ मधे आली, २०२० मधे ती बनवणारी टाटाची जोडकंपनीच बंद झाली. गाडी झक्कास, पण मागे कोणी उभं नाही. त्यापेक्षा मारुतीची बलेनो आरएस मिळाली तर बघ, १०२ पीएसचं बूस्टरजेट टर्बो इंजिन आहे, आकड्यांनी कमी वाटेल, पण दरवाजा, काच, आरसा, सस्पेन्शनचे बरेच पार्ट साध्या बलेनोचे. सातपूरला सकाळी सांगितलेला पार्ट संध्याकाळी हातात.

तू म्हणशील काका एवढं पैसे-पैसे का करतायत. सांगतो. सत्ताविशीत माझ्याकडे एक लाल हॅचबॅक होती, १.६ पेट्रोल, कंपनीचं नाव घेत नाही. तिच्यासारखं स्टिअरिंग मला नंतर कुठल्याच गाडीला मिळालं नाही. त्र्यंबक रोडला पहाटे घेऊन निघालो की वाटायचं रस्ता संपूच नये. तिचं मोठं काम निघालं नेमकं मुलगी व्हायच्या वेळेला, आणि घरात जे पैसे होते ते दवाखान्याचे होते. गाडी गॅरेजला उभी, वर धुळीचा थर, फिटरचा रोज फोन की जागा अडलीये. शेवटी मिळेल त्या भावाला दिली. गाडी वाईट नव्हती रे. गाडीत काही दोष नव्हता जो दुरुस्त झाला नसता. फक्त त्या महिन्यात पैसे नव्हते. ते मला अजून लागतं. एवढी वर्षं झाली, आजही तसा लाल रंग दिसला की मान वळते.

तेव्हापासून मी हा तिसऱ्या हिश्श्याचा नियम धरून बसलोय आणि त्यावरून मला लोकांनी कमी ऐकवलेलं नाही. मित्र म्हणतात चार लाखांची गाडी आणि दोन लाखांची एफडी, हा काय शौक झाला? पण त्याच मित्रांच्या गाड्या गंगापूर रोडच्या सोसायट्यांमधे कव्हर टाकून उभ्या आहेत, बॅटरी उतरलेल्या, कारण क्लचचं काम "पुढच्या महिन्यात" करायचंय. माझी चालू आहे. मला हौस कमी आहे म्हणून मी पैसे बाजूला ठेवत नाही, हौस जास्त आहे म्हणून ठेवतो. हे मी घरी पण सांगतो, कोणाला पटो न पटो.

बरं, आता आधीचे मालक. तिसरा मालक म्हणजे विकणाऱ्याच्या आधीच दोन माणसांनी ती दामटलीये. स्पोर्टी गाडी कोणी देवळात जायला घेत नाही. थंड इंजिनवर रेव्ह केलेलं, घाट चढून आल्या आल्या इंजिन बंद केलेलं, ऑइल बदलायला दोन-चार हजार किलोमीटर उशीर, हे सगळं टर्बो लक्षात ठेवतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे रिमॅप, ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं. स्टेज वन, म्हणजे पहिल्या पायरीचा रिमॅप, करून दोन वर्षं पळवायची आणि विकताना परत स्टॉक करून द्यायची, हे सर्रास चालतं. वरून काही दिसत नाही. म्हणून ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारं यंत्र, लावणारा माणूस सोबत हवा आणि एक्झॉस्ट, इनटेक, स्प्रिंग कंपनीचेच आहेत का ते खालून बघायला हवं. मोठा सिलेंसर लावून मिळाली तर "फुकटात मिळाला" म्हणून नाचू नकोस. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल चालत नाहीत, सुप्रीम कोर्टाने २०१९ मधे ते परत स्पष्ट केलंय, आणि मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड होऊ शकतो. विम्याचा क्लेम अडकला तर ते वेगळंच.

सीट बेल्ट. हे विसरू नकोस. चारही बेल्ट पूर्ण बाहेर ओढ, अगदी शेवटच्या टोकापर्यंत, जो भाग एरवी गुंडाळलेलाच असतो तिथपर्यंत. गाडी पुरात बुडाली असेल तर तिथे चिखलाचा फिकट पट्टा राहतो, कारण गाडी धुणारे सीट धुतात, कार्पेट बदलतात, बेल्ट कोणी बाहेर काढत नाही. सांगली-कोल्हापूरला २०१९ मधे, चिपळूणला २०२१ मधे किती गाड्या पाण्यात गेल्या, त्या सगळ्या काही भंगारात गेल्या नाहीत. आपल्याकडे गोदाकाठी पण गाड्या बुडतात. स्पेअर व्हील उचलून खालचे कोपरे पण बघ, बोट फिरवून बघ, नुसतं टॉर्च मारून नाही.

टायरवर चार आकडे असतात, २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या वर्षांचे असतील तर मालक कसा होता ते समजलं. आणि नवे टायर लागणार असतील तर ते तिसऱ्या हिश्श्यातून जाणार. बुश, लिंक रॉड, शॉकअब पण त्यातूनच. सिंहस्थाच्या कामांनी शहरात जागोजागी खोदून ठेवलंय, कमी प्रोफाइलच्या टायरला आणि अलॉयला एक खड्डा पुरतो.

आईला मागे बसवून एकदा फिरव. वणीला जाताना ती पुढे बसणार नाही, बाबा बसतील, आणि तिचे गुडघे दुखतात. पोलोच्या मागच्या सीटवर तिला तासभर बसवून मग ठरव. पेट्रोल पण आता बहुतेक पंपांवर ई२० च, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं, मिळतं आणि २०१७ ची गाडी त्यासाठी बनवलेली नाही, अॅव्हरेज थोडं खाली येणार आणि रबरी पाइप, सील यांच्यावर लक्ष ठेवावं लागणार.

कागदांचं थोडक्यात, कारण ते तुला नेटवर मिळेल. सरकारच्या एमपरिवहन अॅपवर नंबर टाकून मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, चलन किती बाकी ते बघ. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. पुणे पासिंग आहे म्हणून टॅक्स परत भरावा लागत नाही, पण सिल्व्हासा-दमणची स्वस्तातली दाखवली तर आधी टॅक्सचा हिशोब कर. विमा तुझ्या नावावर चौदा दिवसांत करायला टाक, आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. म्हणजे प्रीमियम जास्त. ते पण कुठून जाणार, आता तूच सांग.

तुझा राग येतो तो एकाच वाक्याचा. तू लिहिलंयस, "काका काही निघालं तर क्रेडिट कार्ड आहेच." नाही. कार्ड म्हणजे तिसरा हिस्सा नाही. कार्डावर गिअरबॉक्स केलास तर वर्षभराने गाडी विकशील आणि हप्ते मात्र फेडत राहशील, आणि ते मला होऊ द्यायचं नाहीये.

शनिवारी तू पुण्याला बघायला जाणार आहेस म्हणालास. जा, मी पण येतो, पहाटेच निघू. पण आज त्या माणसाला फोन करून दोन गोष्टी सांग. आम्ही येईपर्यंत गाडी चालू करायची नाही, बॉनेटला हात लावून आम्ही इंजिन थंड आहे का ते बघणार. आणि टोकन ऑनलाइन पाठवणार नाही, पाच हजारसुद्धा नाही. तो म्हणेल दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. असू दे. आणि निघायच्या आधी शुक्रवारी बँकेत जाऊन दोन लाखांची एफडी करून ये, पावती मला दाखव, मगच मी गाडीत बसेन.

तुझा काका