‘इथे’ म्हणजे कुठे, बाई?

प्रश्न : मी अकरावी-बारावीला पुस्तपालन शिकवते. माझा ४० धड्यांचा ऑनलाइन कोर्स आहे. स्लाइडवर मजकूर आणि तक्ते, मागे बासरी. बोलणं जवळजवळ नाहीच. परवा एका विद्यार्थिनीच्या आईचा फोन आला. मुलीला दिसत नाही, धडे ऐकता येतील का, म्हणून. माझा मुलगा म्हणतो, मजकूर मशीनला दे, तासाभरात आवाज तयार. मला स्वतः बोलावंसं वाटतं, पण माझा आवाज चिरका आहे. काय करू?
– एक शिक्षिका, लातूर

उत्तर : ताई, आवाजाची काळजी सोडा. मलाही दिसत नाही. आम्ही स्क्रीन रीडरवाले, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणारे, दुप्पट वेगाने ऐकतो. त्या वेगात कोकिळाही चिरकीच लागते.

मी बी.कॉम. केलं ते कॅसेटवर. शेजारच्या काकू पुस्तकं वाचून टेप करून द्यायच्या. गोड आवाज, स्वच्छ उच्चार. पण तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांचा तक्ता, आली की म्हणायच्या, “इथे एक मोठा तक्ता आहे.” मग पान उलटल्याचा आवाज. पुस्तपालनातून तक्ता गाळला तर उरतं काय? परीक्षेच्या आदल्या रात्री ती जागा मी तीनदा मागे नेऊन ऐकली, जणू तिसऱ्या खेपेला त्या वाचतीलच.

तुमचा विषय बोटाने दाखवण्याचा. ‘ही रक्कम इथे, ती तिकडे.’ रेकॉर्डिंगमध्ये हे ‘इथे-तिकडे’ आलं की आमचं गाडं अडलं. म्हणून स्लाइड नुसती वाचू नका. फोनवरून कुणाला तरी वही आखायला सांगताय असं बोला. आधी सांगा, रोजकीर्दीला पाच रकाने, कोणकोणते. मग एकेक ओळ : “१ एप्रिल. खरेदी खाते नावे, ५,००० रुपये. रोख खात्याला, ५,००० रुपये. रोखीने माल खरेदी केला.” नोंदीखाली स्पष्टीकरण नसलं तर तुम्ही मुलांचे गुण कापता ना? तोच नियम स्लाइडला लावा.

मुलाचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. पण तो मशीनचा आवाज त्या मुलीच्या फोनमध्ये आधीच आहे, टॉकबॅक नावाने. त्याला वाचायला खरा मजकूर हवा. स्लाइडचा व्हिडिओ केलात की अक्षरांचं चित्र होतं आणि टॉकबॅक गप्प बसतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलं असेल तर आणखी गंमत. डोळ्यांना मराठी दिसतं, आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. माझा एनव्हीडीए, म्हणजे संगणकावरचा स्क्रीन रीडर, ती इंग्रजी समजून बरळत सुटतो. तेव्हा मजकूर युनिकोडमध्ये वेगळा द्याच. ज्यांना ऐकू येत नाही त्यांनाही तो लागेल. शिवाय मशीन ‘जमा’ आणि ‘चालू’मधले ज आणि च कधी कधी हिंदी वळणाने काढतं. ४० धडे तसला ‘जमा’ ऐकायचा म्हणजे शिक्षाच. आणि तक्त्यात बोट कुठे ठेवायचं, हे ते आपणहून सांगणार नाही. ते तुम्हीच सांगायचं.

पान उघडताच तुमचा आवाज आपोआप सुरू होऊ देऊ नका. तिचा टॉकबॅक आणि तुम्ही एकदम बोलाल, दोघांचंही कळणार नाही. वेबसाइटच्या सुलभतेचे जागतिक निकषही सांगतात : आवाज आपोआप लागून तीन सेकंदांहून जास्त चालणार असेल, तर तो थांबवायची किंवा वेगळा कमी-जास्त करायची सोय हवी. बासरी काढून टाका. काढवतच नसेल, तर बोलण्यापेक्षा निदान २० डेसिबलने खाली ठेवा. पण काढाच.

रेकॉर्डिंगला स्टुडिओ नको. कपड्यांचं कपाट उघडून त्याच्यासमोर बसा, आवाज घुमत नाही. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर, तोंडापासून वीतभर लांब आणि जरा तिरका, म्हणजे फ-भ चे फटके बसत नाहीत. सुरुवातीला पाच सेकंद गप्प राहा. ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरला खोलीतली घरघर ओळखायला तेवढं पुरतं. फाइल मोनो, ६४ केबीपीएस ठेवा. दहा मिनिटांचा धडा पाच एमबीच्या आत बसतो, गावाकडच्या नेटवरही उतरतो.

आणि ४० धडे एका दमात करायला बसू नका. एकच करा, त्या मुलीला पाठवा आणि ऐकता ऐकता तिला वहीतली तेरीज आईकडून आखून घ्यायला सांगा. आई जिथे अडेल, तिथे तुमचं एखादं ‘इथे’ राहून गेलेलं असेल.