केटी लागलेला विद्यार्थी वर्गात परत यावा म्हणून

आपली अडचण मला समजली ती अशी. आपण यंदाच अभियांत्रिकी महाविद्यालयात रुजू झालात आणि दुसऱ्या वर्षाच्या 20 विद्यार्थ्यांचे जीएफएम, म्हणजे पालक-शिक्षक, म्हणून काम आपल्याकडे आले. त्यांपैकी चौघांना तीन-चार केट्या, म्हणजे नापास होऊन मागे राहिलेले विषय, आहेत आणि ते वर्गात येईनासे झाले आहेत. धीर द्यावा तर मुले सैल पडतील आणि दम द्यावा तर आणखी दूर जातील, असे आपल्याला वाटते. मी पुण्याजवळच्या एका महाविद्यालयात 19 वर्षे हे काम करतो आहे. त्यातून जे उमगले ते लिहितो.

नापास झालेला विद्यार्थी अभ्यास टाळण्याआधी माणसे टाळू लागतो. निकाल लागला की तो आधी ग्रुपवर बोलेनासा होतो, मग सगळे जेवून गेल्यावर एकटाच मेसला जाऊ लागतो, मग प्रॅक्टिकलची बॅच बदलून मागतो आणि घरून फोन आला की "सगळं ठीक आहे" एवढेच सांगतो. पुस्तक सुटते ते या सगळ्यानंतर. स्वतःला दिवसभर नालायक म्हणवून घेणारा मुलगा जिद्दीने अभ्यासाला लागतो, हा आपल्याकडचा जुना समज आहे; माझ्या अनुभवात असा मुलगा पुस्तक उघडतच नाही, कारण ते उघडले की तोच निकाल पुन्हा डोळ्यांसमोर उभा राहतो.

सैल पडण्याच्या भीतीबद्दल एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात जुलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी विद्यार्थ्यांना मुद्दाम अवघड शब्दांची परीक्षा दिली. नंतर काहींना सांगितले की ही परीक्षा अनेकांना जड जाते, स्वतःवर फार कठोर होऊ नका. काहींना सांगितले की इथे प्रवेश मिळाला म्हणजे तुम्ही हुशारच असणार. आणि काहींना काहीच सांगितले नाही. पुढच्या परीक्षेसाठी सर्वांत जास्त वेळ अभ्यास केला तो पहिल्या गटाने. हे संशोधन 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. आपण शिक्षक नेमके दुसऱ्या गटाला सांगितलेले वाक्य बोलत असतो: "अरे, तू हुशार आहेस, तुला सहज जमेल." ज्याला बारावीला 90 टक्के होते आणि आता एम-थ्रीमध्ये, म्हणजे अभियांत्रिकी गणिताच्या तिसऱ्या पेपरात, 31 गुण पडले आहेत, त्याला हे वाक्य ऐकून उभारी येत नाही. सहज जमायला हवे होते ते जमले नाही, म्हणजे आपल्यातच खोट आहे, असे त्याच्या मनात पक्के होते.

पहिल्या गटाला सुचवलेल्या या वृत्तीला, म्हणजे चुकल्यावर स्वतःशी मित्रासारखे वागण्याला, "आत्मकरुणा" म्हणतात; पण हा शब्द मी विद्यार्थ्यांसमोर वापरत नाही, तो ऐकून मुले हसतात. मी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवायला सांगतो आणि ती घेऊन शेजारी बसतो. लातूरकडचा, मराठी माध्यमातून आलेला एक विद्यार्थी "मला गणित येतच नाही" असे म्हणत आला होता. आम्ही पान पान पाहिले. लाप्लासच्या दोन गणितांत रीत बरोबर होती, आंशिक अपूर्णांक करताना चिन्ह चुकले होते. एक पूर्ण प्रश्न वेळ न पुरल्याने कोरा होता. आणि व्हेक्टर कॅल्क्युलस खरोखरच आलेले नव्हते. "गणित येत नाही" याचे अर्ध्या तासात "एक युनिट येत नाही आणि वेळ पुरत नाही" असे झाले. चूक लपवायची नाही आणि तिच्याहून मोठीही करायची नाही, एवढेच यात असते. उठताना मी विचारले, "तुझ्या रूममेटची ही उत्तरपत्रिका असती तर त्याला काय म्हणाला असतास?" तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "त्याला म्हटलं असतं, चल, बसू या."

आता वर्गात परत येण्याविषयी. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी 2011 मध्ये मांडलेल्या प्रयोगात अमेरिकेतील एका महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वरच्या वर्गातील मुलांचे अनुभव वाचायला दिले: सुरुवातीला आम्हांलाही इथे परके वाटत होते, पुढे ते ओसरले. मग त्यांनी स्वतः तसे लिहायचे आणि पुढच्या वर्षीच्या नवागतांसाठी बोलून दाखवायचे. सगळे मिळून तासाभराचे काम होते, पण कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षे सुधारत गेले. मला यातला महत्त्वाचा भाग हा वाटतो की त्या मुलांना कोणी मदत घेणारे म्हणून बसवले नव्हते. ती दुसऱ्याला मदत करत होती. म्हणून मी उपदेशाचे व्याख्यान ठेवत नाही. केट्या काढून आज तिसऱ्या वर्षाला असलेल्या दोघांना बोलावतो आणि त्यांनी पहिल्या सेमिस्टरची खरी हकीकत सांगावी, एवढेच म्हणतो. टॉपरला बोलावू नका.

मात्र 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हाच प्रयोग 22 संस्थांतील 26,911 विद्यार्थ्यांवर केला गेला, तेव्हा त्याचा उपयोग त्याच ठिकाणी दिसला जिथे त्या विद्यार्थ्यांना सामावून घेण्याची संधी संस्थेत मुळातच होती. म्हणून आधी आपल्या विभागाचा कॉरिडॉर पाहा. डिफॉल्टर लिस्ट, म्हणजे उपस्थिती कमी असलेल्यांची यादी, नावानिशी दारावर लागलेली असेल, प्रोजेक्टचे ग्रुप मुलांवर सोडल्यामुळे हेच चौघे शेवटी उरत असतील, मराठीत शंका विचारली की कोणी हसत असेल, तर "तू आमचाच आहेस" हे आपले म्हणणे त्यांना खोटे वाटेल आणि ते बरोबरच असेल. आमच्याकडे यादी दारावरून काढून व्यक्तिशः कळवायला सुरुवात करण्यासाठी मला विभागप्रमुखांशी दोन वर्षे वाद घालावा लागला.

चौघांपैकी कोणी जगण्यात अर्थ नाही असे काही बोलला, तर ते गुपित ठेवू नका आणि त्याला एकटे सोडू नका. समुपदेशकांना आणि घरच्यांना लगेच कळवा. टेलिमानस या शासकीय सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येते.

सोमवारी चौघांना एकत्र केबिनमध्ये बोलावू नका, त्याने ती "केटीवाल्यांची टोळी" ठरते. एकेकाला वेगळा मेसेज करा आणि त्यात उपस्थितीचा उल्लेख टाळा. मी साधारण असे लिहितो: "उद्या चारला लॅबमध्ये नवीन किट लावायचे आहेत, एक माणूस कमी पडतो आहे, येशील का?" पहिल्या दिवशी फक्त किट लावून घ्या. फोटोकॉपीचा विषय तो स्वतः काढेल, बहुधा तिसऱ्या किंवा चौथ्या भेटीत.