देवाकडे घर आणि तब्येत मागितली तर बिघडलं कुठे?

प्रश्न: ताई, मिस्टरांना शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, आणि यंदा म्हाडाचा फॉर्म पण भरलाय. मी सिद्धिविनायकाला बोलले, घर लागू दे, ह्यांची शुगर खाली येऊ दे, चालत येईन. मुलगी म्हणते आई तू देवाशी सौदा करतेस. आता जाऊबाईंनी एक महाराज काढलेत, ते म्हणतात एकवीस हजारांची पूजा घाला, गोळ्या सुटतील आणि लॉटरीत नंबर पण लागेल. काय करू?
– एक वाचक, भांडुप

उत्तर: आधी मुलीचं बघू. तिला सांगा गीतेच्या सातव्या अध्यायात चार प्रकारचे भक्त सांगितलेत, त्यात अडचणीत हाक मारणारा आहे आणि काहीतरी हवंय म्हणून येणारा पण आहे, ज्ञानी सगळ्यात वरचा हे खरं पण चौघांनाही चांगलंच म्हटलंय, कुणाला हाकललेलं नाही. आणि तुम्ही ज्या देवळात जाता ते १८०१ सालचं, त्याला पैसा दिला देऊबाई पाटील ह्या बाईने, तिला स्वतःला मूल नव्हतं आणि निदान दुसऱ्या बायकांची तरी कूस उजवावी म्हणून तिने ते बांधून घेतलं असं सांगतात. म्हणजे मागणं तिथे पायातच आहे! सप्टेंबरात वांद्र्याला मोत माउलीच्या जत्रेत जाऊन बघा, मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची घरं, ज्याचं जे अडलंय ते तो घेऊन रांगेत, आणि त्या रांगेत सगळ्या धर्मांची माणसं असतात. तर मागा बिनधास्त.

महाराजांचं मात्र वेगळं आहे. तुम्ही देवाला बोललात त्यात रेट नव्हता आणि गॅरंटी पण नव्हती, ह्यांच्याकडे दोन्ही आहे, तिथेच मला वास येतो. म्हाडाची सोडत कॉम्प्युटरवर निघते, म्हाडा स्वतः दरवेळी ओरडून सांगते की आमचा कुणी एजंट नाही, मग हे कुठले मधले? आपल्याकडचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा पूजेला, वारीला हात लावत नाही, पण चमत्काराच्या नावाखाली लोकांना फसवून पैसे काढणं हा त्यात गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं कैद. जाऊबाईंना हे जरा गोडीत सांगा, घरात उगाच महाभारत नको.

गोळी अजिबात बंद करायची नाही. कमी करायची की नाही ते रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतील. शुगर वाढलेली कित्येकदा कळतही नाही, माणूस हिंडत फिरत असतो आणि आतून डोळे, किडनी, पायाच्या नसा खराब होत असतात. अजून एक, तुम्ही लिहिलं नाहीये पण मिस्टर पण मंगळवार धरत असतील तर डॉक्टरांना आधी विचारा, शुगरच्या काही गोळ्या घेऊन उपाशी राहिलं की शुगर एकदम खाली जाते, घाम सुटतो, हातपाय थरथरतात, लाइनीत चक्कर येऊन पडायला होतं. खिशात साखरेची पुडी ठेवायला सांगा.